“सगळंच दुखतंय” म्हणणाऱ्या आईचं नेमकं काय दुखतंय, ते कसं ओळखावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. आई ७९ वर्षांची. गुडघे आणि कंबर कित्येक वर्षांपासून दुखतात. दीड वर्षापूर्वी उजव्या बरगडीवर नागीण उठली होती. पुरळ गेलं, आग मात्र राहिली. रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत, रात्री झोपेची गोळी असते. हल्ली थोडं विसरते. डॉक्टरांसमोर “काही विशेष नाही” म्हणते आणि घरी आल्यावर “सगळंच दुखतंय”. “आता वय झालं, चालायचंच” हेही दोन-तीनदा ऐकून झालंय. मुलगी विचारते की मी नेमकं करू काय? आणि शेवटी लिहिते: “परवा मी तिच्यावर ओरडले. पुढच्या महिन्यात चार दिवस बाहेरगावी जायचंय, भाऊ राहायला तयार आहे, पण तिला या अवस्थेत सोडून जावं का?”

वेदना-उपचाराच्या विभागात वृद्ध रुग्ण बघत मला २० वर्षं होऊन गेली. त्या अनुभवावरून सगळ्यात आधी एक गोष्ट सांगतो: वय हे निदान नव्हे. तुम्ही लिहिलंय त्यावरून तुमच्या आईला एक नव्हे, निदान तीन वेगवेगळी दुखणी आहेत. गुडघ्याचं वेगळं, कंबरेचं वेगळं, नागिणीनंतरचं अगदीच वेगळं. तिघांचं कारण वेगळं, औषध वेगळं. “सगळंच दुखतंय” म्हटलं की तिघांवर मिळून एकच गोळी दिली जाते, ती एकावर थोडी चालते, दुसऱ्यावर चालत नाही, आणि मग “हिला कशानेच बरं वाटत नाही” असा शिक्का बसतो. म्हणून पहिलं काम हे “सगळंच” सुटं करण्याचं.

त्यासाठी यंत्रापेक्षा भाषा जास्त उपयोगी पडते. एक्स-रेमध्ये सांध्याची झीज दिसते, दुखणं दिसत नाही. फार झीज असूनही आरामात चालणारी माणसं असतात आणि थोड्याशा झिजेने हैराण झालेलीही. पण आपल्या म्हाताऱ्या माणसांकडे दुखण्याचे जे शब्द आहेत ते नीट ऐकले तर निम्मं निदान तिथेच होतं. अडचण एवढीच की आपण “दुखतंय का?” विचारतो आणि ती “नाही” म्हणते. कारण तिच्या लेखी ते दुखत नसतं. ठणकत असतं, अवघडलेलं असतं, जड झालेलं असतं, आग होत असते. माझ्याकडे आलेल्या एक आजी “दुखत नाही” असं ठामपणे सांगत होत्या. पदर जरा सरकला तशा कळवळल्या आणि म्हणाल्या, “नुसतं हुळहुळतं हो.” त्या एका शब्दावर उपचार बदलला. कापडाच्या स्पर्शाने, वाऱ्याच्या झुळकीने जर कातडी हुळहुळत असेल, आग, मुंग्या, सुया टोचल्यासारखं, मधूनच करंट बसल्यासारखं होत असेल, तर ती मज्जातंतूची वेदना. नागीण गेल्यावर तीन महिन्यांनंतरही आग राहिली तर ती याच जातीची, आणि तिच्यावर नेहमीच्या वेदनाशामक गोळ्यांचा फारसा उपयोग होत नाही. तुमच्या आईची बरगडी यात बसते.

गुडघ्याचं बोलणं निराळं असतं. बसून उठताना अवघडतं, चार पावलं टाकली की सुटतं, जिना उतरताना जास्त, दिवस कलल्यावर जास्त: ही झिजेची भाषा. सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासाच्या आत गेला तर बहुधा झीजच. तो तासभर टिकत असेल आणि दोन्ही खांदे-मांड्या एकदम जखडत असतील, तर मात्र रक्ततपासणी करून घ्यावी; उतारवयात येणारा एक दाहाचा विकार असा असतो आणि तो योग्य औषधाने लवकर आटोक्यात येतो. एखादा सांधा अचानक लाल, गरम होऊन ठणकायला लागला तर वाट न बघता त्याच दिवशी दाखवा.

कंबरेबद्दल विचारताना “चालताना काय होतं?” हे जरूर विचारा. पोटऱ्या भरून येतात आणि नुसतं उभं राहिलं तरी मोकळ्या होतात, तर पायाच्या रक्तवाहिन्यांकडे बघावं लागतं. उभं राहून सुटत नाही, बसल्यावर किंवा पुढे वाकल्यावरच सुटतं, तर पाठीच्या कण्यातला नसांचा मार्ग अरुंद झाला असण्याची शक्यता जास्त. हा फरक घरच्या माणसाला रोज दिसतो. आम्हाला दहा मिनिटांच्या भेटीत, खुर्चीत बसलेल्या बाईकडे बघून दिसत नाही.

आई हल्ली विसरते, मग तिच्या सांगण्यावर कितपत विसंबावं, ही शंका तुमच्या मनात असेल. सौम्य विस्मरण असलेलं माणूस आत्ता या क्षणी काय होतंय ते बरोबर सांगतं. गेल्या आठवड्यात कसं होतं ते मात्र त्याला जुळवता येत नाही. म्हणून प्रश्न “आत्ता” चा ठेवा, आणि हात ठेवून विचारा: “इथे? आत्ता? कसं होतंय?” पुढे कधी बोलणंच कमी झालं तर पाच गोष्टींकडे लक्ष ठेवायचं: श्वास, कण्हणं, चेहरा, अंगाचा ताठपणा, आणि जवळ घेतल्यावर ती शांत होते की नाही. २००३ साली स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठी तयार झालेली वेदना-मापनाची एक पद्धत याच पाच खुणांवर चालते. आंघोळीला हात लावू न देणारी, कपडे बदलताना चिडणारी वृद्ध माणसं पुष्कळदा हट्टी नसतात. त्यांचा खांदा दुखत असतो.

“घरी एवढं सांगते आणि डॉक्टरांसमोर काहीच नाही, मग खरं काय?” दोन्ही खरं. आंतरराष्ट्रीय वेदना अभ्यास संघटनेने २०२० साली वेदनेची व्याख्या सुधारली, तेव्हा सोबत हेही नमूद केलं की माणूस दुखतंय म्हणतं तेव्हा त्याचा मान राखावा, आणि बोलून सांगणं हा वेदना व्यक्त करण्याच्या अनेक मार्गांपैकी फक्त एक आहे. डॉक्टरांसमोर ती गप्प बसते त्याला कारणं असतात: आणखी तपासण्या लागतील, खर्च होईल, दवाखान्यात ठेवून घेतील, मुलीला पुन्हा रजा काढावी लागेल. त्या गप्पपणात तुमची काळजी असते. म्हणून भेटीला जाताना एक कागद न्या आणि तो तिच्यासमोर, तिला विचारून लिहा. तिच्या पाठीमागे डॉक्टरांच्या कानात सांगू नका; तसं एकदा झालं की म्हातारी माणसं पुढे तुम्हालाही सांगेनाशी होतात.

त्या कागदावर रोजचे आकडे नकोत. दहापैकी किती, दहापैकी किती, असं दिवसातून चारदा विचारलं की लक्ष सतत दुखण्यावरच राहतं. त्याऐवजी लिहा की दुखण्यामुळे काय अडलं. आज आंघोळ स्वतः केली का? खिडकीपर्यंत चालली का? रात्री किती वेळा जाग आली आणि कशाने? दोन आठवड्यांची अशी नोंद मला रक्ताच्या दहा चाचण्यांपेक्षा जास्त सांगते. आणि तिला विचारा की दुखणं थोडं कमी झालं तर सगळ्यात आधी काय करावंसं वाटतं. उत्तर फार लहान येतं. दाराबाहेर बसायचंय. आपले केस आपण विंचरायचेत. उपचाराचं ध्येय तेच धरायचं. जुनाट वेदनेत पूर्ण शून्यावर येणं क्वचित घडतं. दुखणं साधारण ३० टक्क्यांनी उतरलं तरी रुग्णाला जगण्यात फरक जाणवतो, असं आम्ही धरून चालतो. हे आधीच सांगितलं नाही तर प्रत्येक औषध वाया गेल्यासारखं वाटतं आणि माणसं दर महिन्याला डॉक्टर बदलत राहतात.

आता औषधं. इथे मी जास्त वेळ घेणार आहे, कारण नुकसान इथेच होतं.

घरातल्या सगळ्या गोळ्या, मलमं, काढे, पुड्या, कोणी प्रेमाने आणून दिलेल्या “आयुर्वेदिकच आहे” म्हणून चालू असलेल्या गोष्टी, सगळं एका पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ओता. चिठ्ठ्या नकोत, प्रत्यक्ष गोळ्या. दुकानातून आणलेल्या दुखण्याच्या गोळ्यांत बहुतेक वेळा डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन असं काहीतरी असतं. तरुणपणी त्या सोसतात. पण ७९ व्या वर्षी पोटात रक्तस्राव, मूत्रपिंडावर ताण, रक्तदाब वाढणं, हृदय अशक्त असेल तर अंगावर सूज, हे सगळं संभवतं. तुमच्या आईच्या बाबतीत मला रक्तदाबाच्या गोळ्यांची नावं बघायची आहेत. रक्तदाबाच्या काही ठरावीक गोळ्या, लघवी वाढवणारी गोळी आणि ही वेदनाशामकं असं त्रिकूट जमलं की मूत्रपिंड अचानक काम थांबवू शकतं. जुलाब-उलट्या होऊन अंगातलं पाणी कमी झालं असेल तर आणखी लवकर. शी काळी होणं, लघवी कमी होणं, पायावर नवी सूज येणं यांपैकी काही दिसलं तर गोळी थांबवून लगेच दाखवा. गुडघ्यापुरतं दुखणं असेल तर याच औषधाचं वरून लावायचं जेल बरंच सुरक्षित, कारण रक्तात फार थोडं उतरतं.

पॅरासिटॅमॉलला लोक तापाची गोळी समजून हलकं लेखतात. वृद्धांमध्ये सुरुवात बहुधा तिच्यापासूनच करतात, आणि लागेल तेव्हा एखादी घेण्यापेक्षा काही दिवस ठरलेल्या वेळी घेऊन बघावं. आंघोळीच्या किंवा व्यायामाच्या अर्धा-पाऊण तास आधी दिली तर तिचं चीज होतं. धडधाकट प्रौढासाठी २४ तासांत ४ ग्रॅम ही कमाल मर्यादा. वजन ५० किलोपेक्षा कमी असेल, यकृत अशक्त असेल किंवा जेवण घटलं असेल तर ती खाली आणावी लागते, आणि किती ते तुमच्या डॉक्टरांनी ठरवायचं. सर्दी-खोकल्याच्या गोळीतही तेच औषध असतं, म्हणून दोन्हीची बेरीज करायला विसरू नका.

बरगडीच्या आगीसाठी गॅबापेंटिन किंवा प्रीगॅबालिन जातीची औषधं देतात. त्यांना वेळ लागतो. अगदी कमी मात्रेवर सुरू करून हळूहळू वाढवायची, मूत्रपिंडाची तपासणी आधी करायची, आणि गुण यायला काही आठवडे द्यायचे. “चार दिवस घेतली, काही झालं नाही, बंद केली” ही सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार आहे. एकदम बंदही करायची नसतात. यांनी गरगरतं, झोप येते. आणि तुमच्या आईला आधीच झोपेची गोळी आहे. मी नवखा असताना एका आजोबांना अशी गोळी दिली आणि ते झोपेचं औषध घेतात का, हे विचारायचं राहून गेलं. रात्री लघवीला उठताना ते पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. तेव्हापासून नवी गोळी लिहिण्याआधी मी “रात्री काय घेता?” हा प्रश्न कधी चुकवलेला नाही. तुम्हीही तो डॉक्टरांपुढे आपणहून काढा. गोळ्यांच्या आधी लिडोकेनचा पट्टाही विचारून बघा: तो फक्त दुखऱ्या कातडीवर लावायचा, १२ तास ठेवून १२ तास काढायचा, आणि डोक्यावर त्याचा परिणाम जवळजवळ होत नाही. ॲमिट्रिप्टिलिन नावाचं जुनं औषध मज्जातंतूच्या वेदनेवर चांगलं असलं तरी या वयात गोंधळणं, तोंड कोरडं पडणं, लघवी अडणं हे त्रास देतं. विसरणाऱ्या माणसाला ते शक्यतो टाळावं.

अफूवर्गीय औषधं, म्हणजे ट्रॅमाडॉल किंवा त्याहून तीव्र, यांची वेळ आली तर दोन गोष्टी. पहिल्या दिवसापासून सोबत पोट साफ ठेवणारं औषध हवंच. बाकीचे त्रास अंगवळणी पडतात, बद्धकोष्ठता पडत नाही. आणि झोपेच्या गोळीसोबत ती डॉक्टरांना न विचारता कधीही नाही, श्वास मंदावतो.

शेक चालेल, पण टॉवेल मध्ये घालून, १५-२० मिनिटं. मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झाली असेल तर पायाला गरम पिशवी नकोच. चटका बसलेला तिला कळणार नाही. गुडघा बरा वाटतो म्हणून रात्रभर त्याखाली उशी ठेवण्याची सवय पुष्कळांना असते. त्याने गुडघा वाकलेल्या स्थितीत आखडतो आणि सहा महिन्यांनी सरळच होत नाही. कुशीवर झोपवून दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये उशी द्या.

काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरायची. बहुतेक जण उलटं करतात. हात खाली सोडल्यावर मनगटाची घडी येते त्या उंचीला मूठ हवी. जिना चढताना आधी बरा पाय, उतरताना आधी दुखरा. खुर्ची आणि शौचाचं आसन उंच करा. या दोन बदलांनी गुडघ्याला जो आराम मिळतो तो पुष्कळदा गोळीने मिळत नाही.

हालचालीबद्दल तुमच्या दोघींचं भांडण होत असणार, असं मी धरून चालतो. तुम्ही म्हणता “पडून राहा”, किंवा तुम्ही म्हणता “जरा हल”, आणि ती दोन्ही ऐकत नाही. जुनाट दुखण्यात दुखलं म्हणजे नवी इजा झाली असं नसतं. झिजलेल्या गुडघ्याला मांडीच्या स्नायूंचा आधार लागतो आणि तो पडून राहिल्याने जातो. खुर्चीत बसून एक पाय सरळ करायचा, पाच अंक मोजेपर्यंत धरायचा, खाली सोडायचा. दहा वेळा, मग दुसरा पाय. एवढंच. व्यायामानंतर थोडं वाढलेलं दुखणं दुसऱ्या दिवसापर्यंत मूळपदावर आलं तर मात्रा बरोबर आहे. नाही आलं तर निम्मं करा, बंद करू नका. दुसरी चूक बऱ्या दिवशी होते. बरं वाटलं की बाई कपाट आवरायला काढते आणि पुढचे तीन दिवस अंथरुणात. ती दहा मिनिटं उभी राहू शकत असेल तर सातव्या मिनिटाला बसवायचं, दुखायला लागण्याआधी. थांबायचं केव्हा ते घड्याळाने ठरवायचं, दुखण्याने नव्हे.

एवढं सगळं करूनही “सगळंच दुखतंय” मधलं काहीतरी उरेल. सिसिली सॉन्डर्स या आधी परिचारिका, मग समाजसेविका आणि त्यानंतर डॉक्टर झाल्या; १९६७ साली त्यांनी लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे अखेरच्या आजारातल्या रुग्णांची काळजी घेणारं केंद्र, उभारलं. शरीराची, मनाची, नात्यांची आणि श्रद्धेची दुखणी एकमेकांत मिसळून येतात, याला त्यांनी “संपूर्ण वेदना” म्हटलं. रात्री दुखणं वाढतं ते औषध उतरल्यामुळे, आणि बोलायला कोणी नसल्यामुळेही. उरलेल्या या भागावर गोळी वाढवत गेलं की फक्त गुंगी वाढते. तिच्याजवळ बसा, पण दुखण्याचा विषय न काढता. दिवसभरात तुमचं तिच्याशी होणारं प्रत्येक बोलणं जर “गोळी घेतली का, दुखतंय का” यावरच येत असेल, तर तुम्हाला जवळ आणण्याचा एकच मार्ग तिच्याकडे उरतो, आणि तो म्हणजे दुखणं. ती हे मुद्दाम करत नाही. रोज अर्धा तास तिला विचारा की अमुक माणूस कोण होतं, तमुक वर्षी आपण कुठे राहत होतो. पाठीवरून हात फिरवा. मेलझॅक आणि वॉल या वेदनेच्या अभ्यासकांनी १९६५ साली मांडलं की स्पर्शाचे संदेश मज्जारज्जूतच वेदनेच्या संदेशांची वाट अडवू शकतात. फक्त बरगडीची हुळहुळणारी जागा सोडून.

“आता नको हे जगणं” असं ती कधी म्हणाली तर “असं बोलू नये” म्हणून तोंड मिटवू नका. “म्हणजे काय वाटतं तुला, आई? जीव द्यावासा वाटतो का?” असं सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. बहुतेक वेळा उत्तर “तुम्हाला ओझं झाले” असं असतं. पण झोप, भूक, बोलणं सगळंच आटलं असेल तर ते नैराश्य असू शकतं आणि त्यावर या वयातही उपचार होतो. जीव देण्याचा विचार असेल तर तिला एकटी ठेवू नका, गोळ्या कुलपात ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

काही गोष्टींना थांबायला वेळ नसतो: लघवी-शौचावरचा ताबा अचानक जाणं किंवा मांड्यांमधली जागा बधिर होणं, तापासह पाठदुखी, पडल्यावर पायावर भार न टाकता येणं, नवी डोकेदुखी आणि सोबत चावताना जबडा दुखणं किंवा दिसायला कमी येणं, एक-दोन दिवसांत एकदम भ्रमल्यासारखं वागणं. यातलं काही झालं तर थेट रुग्णालय.

आता तुमचं ओरडणं. तुम्ही तिचं दुखणं रोज बघता आणि ते थांबवू शकत नाही. त्या असहायतेचा राग येतो आणि तो जवळच्यावर निघतो. मी हे जवळजवळ प्रत्येक घरात पाहिलं आहे, आपल्या आईवडिलांवर जीव टाकणाऱ्या घरांत तर नक्कीच. “काल मी चिडले, चुकलं माझं” एवढं तिला सांगा. म्हाताऱ्या माणसांना ते पुरतं.

आणि चार दिवस जरूर जा. भाऊ राहणार आहे, आणि त्यालाही आईचं दुखणं कळायला हवं. फोनवर ते कळत नाही. जाण्याआधीचा एक पूर्ण दिवस त्याला तुमच्यासोबत ठेवा आणि त्या दिवशी सगळं त्याला करू द्या, तुम्ही फक्त बघा. वहीच्या पहिल्या पानावर गोळ्यांच्या वेळा, कोणती गोळी कोणत्या गोळीसोबत द्यायची नाही ते, डॉक्टरांचा नंबर. दुसऱ्या पानावर तुम्हाला सवयीने माहीत झालेलं: उजव्या बाजूने उठवायचं नाही, उशी गुडघ्यांच्या मध्ये, “दुखतंय का” ऐवजी “हुळहुळतंय का” विचारायचं. ते दुसरं पान आईला मोठ्याने वाचून दाखवा. राहिलेलं ती सांगेल.